श्रद्धा सुटली, प्रश्न सुटला नाही

श्रद्धा सोडलेल्या माणसाबद्दल आपल्या समाजात दोन ठोकताळे फार पक्के आहेत. श्रद्धावंतांना वाटते, हा रुसून गेला आहे, दिवस फिरले की परत येईल. सुधारकांना वाटते, एकदा सोडली म्हणजे सुटली, आता पुन्हा त्याच पोथ्यांत याने डोके कशाला घालावे? दोन्ही गट एकमेकांचे कट्टर विरोधक असले तरी त्यांचा हिशेब एकच आहे. श्रद्धा असेल तर धर्माचे सिद्धांत मान्य, नसेल तर अमान्य, आणि विषय संपला. गेल्या दीडशे वर्षांतल्या महाराष्ट्राचा अनुभव मात्र हा हिशेब खोटा ठरवतो. आपल्याकडे ज्यांनी जन्माचा धर्म, देव किंवा देवाची कल्पना विचारपूर्वक नाकारली, त्यांतल्या मोठ्या माणसांची धर्मसिद्धांतांविषयीची मते वयाबरोबर सोपी झाली नाहीत. ती गुंतागुंतीची होत गेली. ही गुंतागुंत म्हणजे डळमळीतपणा नव्हे. प्रामाणिकपणे सोडल्याची ती खूण आहे. आणि ती समजून घेण्याची तयारी नसल्यामुळेच आपल्याकडचे धर्मविषयक वाद दरवर्षी जिथल्या तिथे फिरत राहतात.

हा विचार करायला धाराशिव जिल्ह्याइतकी योग्य भूमी शोधून सापडणार नाही. तेर हे प्राचीन तगर. परदेशी व्यापाऱ्यांच्या जुन्या नोंदींत त्याचे नाव येते. तिथले विटांचे त्रिविक्रम मंदिर आज विष्णूचे आहे, पण मागच्या बाजूला अर्धगोल होत जाणारा त्याचा आकार बौद्ध चैत्याचा आहे आणि ते मुळात चैत्यगृह असावे, असे अनेक अभ्यासकांनी मानले आहे. धाराशिव शहराजवळच्या लेण्यांत पार्श्वनाथाच्या मूर्ती आहेत, पण ती लेणी मुळात कोणाची, बौद्धांची की जैनांची, यावर अभ्यासकांत दुमत आहे. शहरातल्या ख्वाजा शमसुद्दीन गाजींच्या दर्ग्यावर उरुसाला हिंदूही जातात. येरमाळ्याची येडेश्वरी आणि तुळजापूरची भवानी यांच्याशी इथल्या घराघराचे नाते कुळाचाराचे आहे. लग्नानंतरचा गोंधळ, परडी, कवड्यांची माळ, जोगवा, आराध्यांची गाणी, नवरात्रातला अजाबळी या सगळ्याला शास्त्रग्रंथाचा आधार शोधत कोणी बसत नाही. भवानीच्या मुख्य पूजेचा मानही ब्राह्मण पुरोहितांकडे नसून भोपे मंडळींकडे आहे. म्हणजे इथला धर्म मुख्यतः आचाराचा आणि नात्याचा आहे. सिद्धांत त्यामागे कुठेतरी आहे, तोही एक नाही, एकावर एक चढलेले अनेक थर आहेत.

अशा ठिकाणी ‘मी मानत नाही’ असे म्हणणारा माणूस नेमके काय नाकारत असतो? देवी आहे हे विधान, नवस फेडला नाही तर कोप होतो ही भीती, पूजेच्या मानपानातली जातीची उतरंड, की आईने लावून दिलेली कुळाची ओळख? श्रद्धा असते तोवर या चार गोष्टी एकाच गाठोड्यात बांधलेल्या असतात आणि ते सोडून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. गाठोडे उघडायची वेळ सोडणाऱ्यावर येते. मग त्याच्या लक्षात येते की पहिली गोष्ट त्याला पटत नाही, दुसरी घातक वाटते, तिसरी संतापजनक वाटते आणि चौथी मात्र टाकवत नाही. या चार वेगवेगळ्या उत्तरांना आपण ‘तळ्यात मळ्यात’ म्हणून हिणवतो. खरे तर चार वेगळ्या प्रश्नांना एकच उत्तर देणे हाच आळस आहे.

आपल्या भक्तिपरंपरेलाही हे अगदीच अनोळखी नाही. तेरच्या गोरोबाकाकांची कथा वारकऱ्यांच्या लहान मुलालाही ठाऊक असते. संतांच्या मेळ्यात गोरोबांनी थापटण्याने सर्वांची डोकी ठोकून पाहिली आणि विठ्ठलाच्या सर्वांत लाडक्या नामदेवांनाच कच्चे ठरवले. पुढे विसोबा खेचरांनी शिवपिंडीवर पाय ठेवून नामदेवांना विचारात पाडले. इतिहास म्हणून या कथेचे मूल्य काय, हा प्रश्न बाजूला ठेवू. परंपरेने ती शतकानुशतके जपली, हे महत्त्वाचे. देव एका मूर्तीत आहे ही नामदेवांची सरळ समजूत मोडल्याशिवाय त्यांचे ज्ञान पुरे होत नाही, असे ही कथा सांगते. फरक एवढाच की नामदेवांची समजूत मोडून भक्ती अधिक रुंद झाली. आजच्या काहींची समजूत मोडते आणि भक्ती उरत नाही. पण समजूत मोडल्यावर प्रश्न सोपे होत नाहीत, हे दोन्हीकडे सारखेच.

आधुनिक महाराष्ट्रातले सर्वांत मोठे ‘सोडणे’ अर्थातच १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेचे. त्याआधी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले होते. मधल्या काळात, फेब्रुवारी १९४१ मध्ये, आज धाराशिव जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळे इथे महार-मांग वतनदार परिषदेसाठी ते आले होते. गावगाड्याच्या कामांत अडकलेल्या माणसांना वतनाच्या बेडीतून बाहेर काढण्याचा प्रश्न आणि धर्मांतराचा प्रश्न त्यांच्या लेखी वेगळे नव्हते. नागपूरच्या दीक्षेत दिलेल्या २२ प्रतिज्ञा पाहिल्या तर वाटते, हा एक घाव दोन तुकडे करणारा निर्णय आहे. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना मानणार नाही, राम-कृष्णांची पूजा करणार नाही, श्राद्ध-पिंडदान करणार नाही. आचाराच्या पातळीवर यात तसूभरही संदिग्धता नाही आणि नसायलाच हवी होती. ज्या व्यवस्थेने माणसाला पाणवठ्यावर आणि देवळात मज्जाव केला, तिच्याशी नाते तोडताना हातचे राखून चालत नाही.

पण सिद्धांताच्या पातळीवर तेच बाबासाहेब काय करतात ते पाहा. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी बौद्ध परंपरेलाच चार प्रश्न विचारले आहेत. म्हातारा, आजारी माणूस आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही पारंपरिक कथा पटण्यासारखी आहे का? चार आर्यसत्ये बुद्धाच्या मूळ शिकवणीचा भाग आहेत का, की ती नंतरची भर आहे? आत्मा नाकारणाऱ्या बुद्धाच्या शिकवणीत कर्म आणि पुनर्जन्म कसे बसतात? आणि भिक्खू कशासाठी, स्वतःच्या पूर्णत्वासाठी की समाजाच्या सेवेसाठी? लाखो लोकांना ज्या धम्माकडे न्यायचे, त्याच्या उंबरठ्यावरच इतके मूलगामी प्रश्न मांडणारा माणूस सोप्या उत्तरांच्या शोधात नव्हता. बाहेरच्या बौद्ध जगातून या ग्रंथावर टीकाही झाली. जी बुद्धी जुन्या धर्माला प्रश्न विचारून बाहेर पडली, ती नव्या धम्माच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवता येत नाही.

जुन्या धर्मग्रंथांबाबतही हेच दिसते. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. ते प्रतीकात्मक होते आणि योग्यच होते. पण जाळलेला ग्रंथ बाबासाहेबांनी अभ्यासातून हद्दपार केला नाही. १९४६ च्या ‘शूद्र पूर्वी कोण होते’ या ग्रंथात आणि इतर लेखनात मनू, सूत्रग्रंथ, वेद, महाभारत यांचे दाखले जागोजाग येतात. श्रद्धावंताला मनुस्मृती वाचण्याची गरज क्वचितच पडते, तो ती मानतो किंवा आपण मानतो हेही त्याला ठाऊक नसते. नाकारणाऱ्याला मात्र ती ओळ न् ओळ वाचावी लागते, कारण त्याच्याकडून जाब मागितला जातो.

१९५६ च्या या ऐतिहासिक धर्मांतरानंतर वाड्या-वस्त्यांत जे घडले, तेही सरळ रेषेतले नाही. मराठवाड्यातल्या अनेक घरांनी देव्हारे रिकामे केले, पोतराजकी सोडली, मरीआईचा गाडा ओढणे थांबवले. आणि काही घरांतल्या जुन्या बायकांनी देवीच्या वारीचा हट्ट पुढे बरीच वर्षे सोडला नाही. यावर त्या घरांना ‘अर्धवट बौद्ध’ म्हणणारे दोन्ही बाजूंना आहेत. बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ हे आत्मकथन अशांनी वाचावे. महारवाड्यातले अंगात येणे, पोतराज, आषाढातले विधी यांचे वर्णन तिथे आहे. लेखिका आंबेडकरी चळवळीतली आहे आणि त्या अंधश्रद्धांवर तिची टीका कठोर आहे. पण अन्नाला महाग असलेल्या बायकांना अंगात आल्यावर काही घटका का होईना मान मिळत होता, हेही तिच्या नजरेतून सुटलेले नाही. जी बाहेर पडली, तिलाच आतल्या गरजेचा अर्थ इतक्या स्पष्टपणे सांगता आला. नुसती टवाळी करणाऱ्या बाहेरच्या माणसाला ते दिसले नसते आणि अजून आत असलेल्याला ते सांगता आले नसते.

धर्म बदलणाऱ्यांच्या बाबतीत तर याचे पुरावे एकोणिसाव्या शतकापासून आहेत. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमधल्या वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. पुण्यातल्या सनातन्यांनी आणि काही सुधारकांनीही तो विश्वासघात मानला, मिशनच्या लोकांनी विजय मानला. दोघेही चुकले. बाप्तिस्म्यानंतर थोड्याच काळात रमाबाईंचा वाँटेजच्याच सिस्टर जेराल्डीन यांच्याशी जो पत्रव्यवहार झाला, त्यात त्या त्रैक्याच्या सिद्धांतावर शंका घेतात, ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाबद्दल प्रश्न विचारतात, चर्चच्या आज्ञेपेक्षा आपली सदसद्विवेकबुद्धी वर ठेवतात. शाकाहार सोडायला त्या तयार नाहीत. क्रुसावरची अक्षरे लॅटिन कशाला, संस्कृत का नकोत, असा त्यांचा सवाल आहे. एका पुरोहितशाहीच्या तावडीतून सुटलेली ही विदुषी दुसरीच्या हाती स्वतःला सोपवणार नव्हती. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांची ख्रिस्तनिष्ठा गाढ झाली, त्यांनी स्वतः ग्रीक आणि हिब्रू शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. म्हणजे त्यांची मते कुठे थांबून राहिली नाहीत. पण कोणत्याही टप्प्यावर ती सोपी नव्हती.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचा प्रवास निराळ्या वळणाने तिथेच पोचतो. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये दोन दशकांहून अधिक काळ काम केले. भजन-कीर्तनाच्या मराठी घाटात ख्रिस्तभक्ती गाइली. आपण तुकारामांच्या वाटेनेच ख्रिस्तापर्यंत आलो, ही त्यांची धारणा होती. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे काम सोडले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा प्रयत्न केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि प्रयोग अपुरा राहिला. हिंदू धर्मशास्त्र सोडलेल्या या माणसाला संतपरंपरा सोडावीशी वाटली नाही, ख्रिस्त स्वीकारूनही परदेशी संस्थेची चौकट स्वीकारावीशी वाटली नाही. याला गोंधळ म्हणायचे की विवेक?

देव आणि धर्म या दोन्हींतून बाहेर पडलेल्यांची गोष्ट आणखी बोलकी आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईच्या प्राज्ञपाठशाळेत घडलेले शास्त्री. पुढे ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे वळले. त्यांची ‘हिंदुधर्माची समीक्षा’ ही नागपूर विद्यापीठातल्या व्याख्यानांतून आलेली. मूळ संस्कृत ग्रंथ पाठ असलेल्या माणसाने केलेली ती बुद्धिवादी चिकित्सा आहे. अपेक्षा अशी की यानंतर शास्त्रीबुवा धर्मशास्त्राकडे पाठ फिरवतील. त्यांनी उलट केले. १९३७ पासून ज्याचे खंड प्रसिद्ध होऊ लागले, त्या धर्मकोशाचे संपादन त्यांनी पुढेही चालू ठेवले आणि १९५१ मध्ये ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ लिहिला. साहित्य अकादमीचा मराठीतला पहिला पुरस्कार त्यालाच मिळाला. समीक्षेतला प्रहार तिथे आहेच. पण बौद्ध, जैन, भक्तिसंप्रदाय, आधुनिक सुधारक या सगळ्यांना एका दीर्घ प्रवाहात पाहण्याचे भानही आहे. आपल्याच मराठवाड्यातले नरहर कुरुंदकर उघडपणे नास्तिक होते. मनुस्मृतीवर ते बोलत तेव्हा तिचे समर्थन करणाऱ्यांपेक्षा त्यांचे वाचन अधिक असे. आणि त्यांचा विरोधही त्या वाचनातूनच धारदार झालेला असे. हमीद दलवाईंनी २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापले. ते स्वतः श्रद्धाळू नव्हते. कोणतेही धार्मिक विधी न करता आपले दहन व्हावे, अशी त्यांनी व्यवस्था केली होती. तरी संस्थेच्या नावात त्यांनी ‘मुस्लिम’ ठेवले. फुल्यांच्या १८७३ च्या सत्यशोधक समाजाशी नाते सांगताना आपल्या समाजाशी असलेले नाते त्यांनी तोडले नाही. तलाकपीडित स्त्रीचा प्रश्न सोडवायचा तर तिच्यापासून दूर जाऊन चालणार नव्हते.

ही उदाहरणे एकमेकांपासून इतकी वेगळी आहेत की त्यांच्यामागे स्वभावाचा योगायोग नाही, काही कारण असले पाहिजे. मला तीन कारणे दिसतात. पहिले, जाब देण्याचे ओझे. मानणाऱ्याला कोणी विचारत नाही की तू का मानतोस. सोडणाऱ्याला घर, भावकी, गाव सगळे विचारतात. उत्तरे द्यायची तर सिद्धांत शिकावा लागतो, आणि शिकू लागले की त्यातले थर दिसू लागतात. दुसरे, भीती गेल्यावर येणारी मोकळीक. मानणाऱ्याला ग्रंथ पूर्ण निर्दोष दाखवावा लागतो, द्वेष करणाऱ्याला तो पूर्ण सदोष दाखवावा लागतो. दोन्ही ओझी उतरलेला माणूसच म्हणू शकतो की हे खरे, हे खोटे, हे सुंदर, हे क्रूर. तिसरे, न्यायबुद्धी. आपण जिथून आलो तिथल्या माणसांना आपण ओळखतो. आजी नवस बोलत होती म्हणून ती मूर्ख नव्हती, हे आपल्याला आतून ठाऊक असते. म्हणून सिद्धांत खोटा ठरवतानाही माणसाला खोटे ठरवणे जमत नाही.

हे केवळ आपल्याकडेच घडते असेही नाही. अमेरिकेतले बार्ट एर्मन कडव्या इव्हँजेलिकल वातावरणात घडले, नव्या कराराचे अभ्यासक झाले आणि पुढे त्यांची श्रद्धा गेली. बायबलच्या हस्तलिखितांतले फेरफार उघड करणारी त्यांची पुस्तके श्रद्धावंतांना खुपली. पण २०१२ मध्ये याच गृहस्थांनी येशू नावाची ऐतिहासिक व्यक्ती होऊन गेली, हे पुराव्यानिशी मांडणारे पुस्तक लिहिले आणि येशू ही निव्वळ दंतकथा आहे असे म्हणणाऱ्या काही नास्तिकांचा रोष ओढवून घेतला. पुरावा ज्या दिशेने नेतो तिकडे जायचे, मग तिथे आपला गट असो वा नसो. सोडलेल्या माणसाकडून आपण एवढीच अपेक्षा ठेवू शकतो, आणि एवढीच ठेवली पाहिजे.

आता आक्षेप. पहिला श्रद्धावंतांचा: हा सगळा आतल्या ओढीचा पुरावा आहे, मुळात माणूस धर्माबाहेर राहूच शकत नाही. या म्हणण्यात अभ्यास आणि उपासना यांची सरमिसळ आहे. धर्मकोश संपादित करणारा माणूस सोवळे नेसून बसला आहे, असा अर्थ त्यातून निघत नाही. ओढ असेलही. पण ती भाषेची, गाण्याची, माणसांची असते. गोंधळातला संबळ कानाला गोड लागला म्हणून देवीच्या कोपाचा सिद्धांत खरा ठरत नाही. उलट, जो धर्म अशा प्रत्येक आपुलकीला परतीची पावती समजतो, तो स्वतःच्या सिद्धांतांची बाजू मांडायला कचरतो आहे, असेच म्हणावे लागेल.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ही गुंतागुंत पंडितांना परवडते. वाड्या-वस्तीतल्या माणसाला, ज्याच्या डोक्यावर बुवा-भगत बसला आहे, त्याला स्पष्ट ‘नाही’ हवे असते. तर्कतीर्थांची सूक्ष्मता त्याच्या काय कामाची? यातले सत्य मान्य केले पाहिजे. २२ प्रतिज्ञा सूक्ष्म असत्या तर त्यांनी कोणाचीही सुटका केली नसती. पण याचे उत्तर बाबासाहेबांच्या उदाहरणातच आहे. जिथे माणसाचे शोषण होते तिथे आचाराबाबत तडजोड नाही. जिथे सत्याचा शोध आहे तिथे सिद्धांताबाबत घाई नाही. एकाच माणसात या दोन्ही गोष्टी असू शकतात. शिवाय गुंतागुंत ही फक्त पंडितांची मक्तेदारी आहे, हेही खरे नाही. देव्हारा रिकामा केल्यावर सासूच्या वारीचे काय करायचे, हा प्रश्न सोडवणाऱ्या सुनेने नीतिशास्त्राचा एक कठीण प्रश्नच हाती घेतलेला असतो. तिने त्यावर ग्रंथ लिहिला नाही, एवढाच फरक.

तिसरा आक्षेप चळवळीतून येतो. अशी सहानुभूती दाखवली की अंधश्रद्धेला मागच्या दाराने वाट मिळते. भीती अनाठायी नाही. ‘आमच्या परंपरेचा खोल अर्थ’ सांगत सांगत जटा, अंगात येणे, भानामती या सगळ्याला उजाळा देणारे वाक्पटू लोक आपण पाहतो. पण इथे अनुभव काय सांगतो? १९८९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची जाहीर भूमिका देव-धर्माला सरसकट विरोध करण्याची नव्हती. शोषण करणाऱ्या अंधश्रद्धेला विरोध आणि धर्माची विधायक चिकित्सा, अशी ती होती. डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः देव मानत नव्हते, तरी संतांचा वारसा आपला आहे असे ते आग्रहाने सांगत. काही नास्तिकांना ही भूमिका मवाळ वाटली. पण २० ऑगस्ट २०१३ ला त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो या बारकाव्यामुळेच शक्य झाला. पूजाअर्चा, वारी, भजन यांना त्या कायद्याने हात लावलेला नाही. अघोरी प्रथा आणि फसवणूक यांना गुन्हा ठरवले आहे. श्रद्धा आणि शोषण यांच्यातली रेघ ओढता आली, कारण ती ओढणाऱ्यांनी धर्माला एकच अखंड शिळा मानले नव्हते. मवाळ वाटणाऱ्या माणसालाच मारेकऱ्यांनी लक्ष्य केले, यावरून ही भूमिका किती बोथट होती ते समजावे.

चौथा आक्षेप मी स्वतःहून घेतो, कारण तो मला सर्वांत गंभीर वाटतो. गुंतागुंत ही पळवाटही होऊ शकते. ‘सगळेच सापेक्ष आहे’ म्हणत बहिणीला वारसा नाकारणे, जातीबाहेरच्या लग्नाला विरोध करताना ‘आम्ही मानत नाही, पण घरच्यांची भावना आहे’ असे सांगणे, बळी पडणाऱ्याची बाजू न घेता दोन्ही बाजू समजून घेत बसणे, हे प्रकार आपल्या सुशिक्षित घरांत सर्रास चालतात. याला गुंतागुंत म्हणणे हा त्या शब्दाचा अपमान आहे. फरक ओळखायला कसोटी सोपी आहे. विचार खोल झाल्याने तुम्हाला मोजावी लागणारी किंमत वाढली की कमी झाली? रमाबाईंना दोन्ही समाजांचा रोष पत्करावा लागला. दलवाईंना स्वकीयांचा विरोध झाला. टिळकांनी स्थिर नोकरी सोडली. ज्यांची मते खरोखर गुंतागुंतीची झाली, त्यांना त्याची किंमत मोजावी लागली. ज्यांची मते केवळ सोयीची झाली, त्यांना काहीच मोजावे लागले नाही.

मग यातून करायचे काय? पहिली गोष्ट शासकीय चौकटीची. सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की कोणत्याही नागरिकाला आपला धर्म जाहीर करण्याची सक्ती सरकार करू शकत नाही, आणि आपला कोणताच धर्म नाही असे सांगण्याचा हक्क त्याला आहे. संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदातले सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य मानण्याइतकेच न मानण्याचेही आहे. तरी २०११ च्या जनगणनेत देशभरात स्वतःला नास्तिक म्हणून नोंदवणारे जेमतेम ३३ हजारांच्या आसपास निघाले. खरोखर एवढेच लोक देव मानत नाहीत, असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. प्रगणक दारात येतो तेव्हा कुटुंबप्रमुख सगळ्या घराचा एकच धर्म सांगतो आणि बाकीच्यांची मते त्या एका शब्दात मिटून जातात. २०२७ च्या जनगणनेत प्रत्येक प्रौढ व्यक्तीने स्वतःचे उत्तर स्वतः द्यावे, एवढी काळजी घरोघरी घेतली तरी बरेच काही कळेल.

दुसरी गोष्ट घरांची आणि गावांची. न मानणाऱ्या मुलाला नवरात्रात तुळजापूरला नेण्यासाठी रडारड करण्यात अर्थ नाही, आणि तो आजीला सोबत म्हणून गेला तर ‘बघा, आला ठिकाणावर’ म्हणण्यातही नाही. तो दर्शनाच्या रांगेत उभा न राहता बाहेर थांबला, तर ते थांबणेही त्याच्या विचारांचा भाग आहे, हे घरच्यांनी मान्य करावे. चळवळीतल्या कार्यकर्त्यांनीही कोणी संतांच्या अभंगावर प्रेम केले म्हणून त्याच्या निष्ठेची उलटतपासणी घेऊ नये. प्रश्न विचारायचाच तर एक विचारावा: कोणाच्या शोषणाला तू पाठिंबा देतोस का? उत्तर ‘नाही’ असेल तर बाकीचा प्रवास त्याचा त्याला करू द्यावा.

तिसरी गोष्ट शिक्षणाची. तेरचे चैत्याकार मंदिर आणि धाराशिवची लेणी आपल्या मुलांना सहलीत दाखवली जातात. पण त्यांच्यामागचा वाद, म्हणजे एकाच वास्तूवर वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या धर्मांनी कसा हक्क सांगितला, हे सांगितले जात नाही. धर्मांचा इतिहास श्रद्धा न शिकवता आणि टवाळीही न करता शिकवला, तर सोडणारे आणि न सोडणारे दोघेही अधिक जाणते होतील. तर्कतीर्थांनी आणि कुरुंदकरांनी जे एकट्याने केले, ते वर्गात करणे एवढे अवघड नाही. त्यासाठी शिक्षकाने आस्तिक असावे की नास्तिक, हा प्रश्नच गैरलागू आहे. त्याला दोन विधाने वेगळी करता आली पाहिजेत, एवढेच.

श्रद्धा सोडणे हा एका दिवसाचा निर्णय असू शकतो. सोडलेल्या गोष्टीविषयी न्याय्य मत बनवणे हे मात्र आयुष्यभराचे काम आहे. ज्या समाजाने नामदेवांना कच्चे म्हणणाऱ्याला संत मानले आणि आपल्याच धम्माला प्रश्न विचारणाऱ्याला बोधिसत्त्व मानले, त्या समाजाला हे काम परके नाही. मत बदलणाऱ्याला आपण आजवर दोनच प्रश्न विचारत आलो: तू कोणत्या बाजूचा, आणि परत कधी येणार? त्याऐवजी ‘तुला काय दिसले?’ असे विचारायला लागलो, तर त्याच्या उत्तरातून त्याच्याइतकेच आपणही शिकू.